बंड्याचं बिस्किट आणि बाबांचं शुगर-फ्री

बाबांना डायबिटीस आहे, त्यामुळे आमच्याकडे चहाबरोबर शुगर-फ्री बिस्किटं असतात. एक दिवस सकाळी बघते तर बाबा त्यातलंच एक बंड्याला भरवतायत (बंड्या म्हणजे आमचा कुत्रा, देशी, दहा किलोचा, सोसायटीच्या गेटवरनं घरात आलेला तो कायमचाच). म्हटलं बाबा हे काय, तर म्हणाले, "अगं तूच म्हणतेस ना त्याला गोड देऊ नका, मग हे बिनसाखरेचं देतोय." लॉजिक एकदम बरोबर, तरी माझ्या पोटात गोळा आला, कारण शुगर-फ्री खाण्यात कधीकधी झायलिटॉल असतं आणि कुत्र्यासाठी ते साखरेपेक्षा कैक पटीने वाईट.

झायलिटॉल ही एक गोड चवीची शुगर अल्कोहोल. आपल्या शरीरात तिच्यामुळे इन्सुलिन फारसं वाढत नाही, म्हणूनच ती च्युइंगमात, मिंटच्या गोळ्यांत, काही टूथपेस्टमध्ये, काही पीनट बटरमध्ये वापरतात. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र फसतं, त्याला वाटतं रक्तात भरपूर साखर आली आणि ते धडाधड इन्सुलिन सोडतं. साखर तर आलेलीच नसते, मग जी आहे तीच झरझर उतरते, कधी अर्ध्या तासात. उलटी, झोकांड्या, मग फिट. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यावर साखर उतरू शकते, म्हणजे बंड्यासाठी एक ग्रॅम, आणि किलोमागे अर्धा ग्रॅम गेलं तर लिव्हरवर बेतू शकतं. असं काही खाल्लं गेलं तर लक्षणं दिसायची वाट बघत बसायचं नाही, पाकीट हातात घेऊन सरळ व्हेटकडे.

आता हे पाकिटावर कसं ओळखायचं? बऱ्याचदा नाव लिहिलेलं नसतं, नुसता नंबर असतो. ९६७ म्हणजे झायलिटॉल, हा एक आकडा पाठ करून ठेवा. बाबांच्या पाकिटावर निघाला ९६५, म्हणजे मॉल्टिटॉल, त्याने जास्त खाल्लं तर पोट बिघडतं पण साखर अशी कोसळत नाही. वाचलो. पण तेव्हापासनं मी दुकानात बिस्किटाचं पाकीट आधी उलटं करते, पुढचं चित्र नंतर बघते.

बरं मग साधं ग्लुकोज बिस्किट? आपल्याकडे टपरीवर चहा पिता पिता पारले-जीचा पुडा फोडून कुत्र्यांना घालणारे लोक रोज दिसतात, आणि ती कुत्री मरत तर नाहीत. खरंय, विष वगैरे काही नाही त्यात. मैदा, साखर, पाम तेल, थोडी दूध पावडर. कुत्र्याला मैदा पचतच नाही असं जे म्हणतात ते मात्र चूक. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांचे जीन्स ताडून बघितले, तर स्टार्च पचवणारं अमायलेज ज्या जीनमुळे तयार होतं त्याच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या आणि कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणूस शेती करायला लागला, उष्टं-खरकटं मिळायला लागलं, आणि ज्यांना ते पचलं ते वस्तीत टिकले. म्हणजे आपल्या भाकरीच्या तुकड्याची नोंद त्यांच्या डीएनएमध्ये झालेली आहे, मला हे फार भारी वाटतं. फक्त त्यांचं हे अमायलेज स्वादुपिंडातनं येतं, लाळेत जवळजवळ नसतंच, आणि चावून चावून खाण्यात त्यांना काही इंटरेस्ट नाही, गिळलं की झालं.

गोड चव कुत्र्यांना कळते आणि आवडतेही. मांजरांना कळत नाही, गोडाच्या रिसेप्टरचा त्यांचा एक जीन बिघडलेला असतो, हे अमेरिकेतल्या मोनेल सेंटरच्या लोकांनी २००५ मध्ये दाखवलं. त्यामुळे कुत्रा बिस्किटासाठी नाचतो तेव्हा तो नाटक करत नसतो.

आणि एक, गोड खाल्ल्याने कुत्र्याला जंत होतात हे आमची आजी पण सांगायची. जंत साखरेतून येत नाहीत हो, ते अंड्यांतून येतात, मातीतून येतात, आणि गोलकृमी तर पिल्लाला आईच्या पोटातच मिळतात. डिवर्मिंग वेळेवर करा, बिस्किटाला त्याचा दोष देऊ नका. बिस्किटाचा खरा दोष वेगळा आहे आणि तो गणिताचा आहे.

व्हेट लोक सांगतात की जेवणाशिवायचं वरचं खाणं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. दिवसाच्या कॅलरीज काढायची एक युक्ती आहे, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होते. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, त्याला त्यानेच दोनदा गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा आणि आलेल्याला ७० ने गुणा. बंड्याचं बघा, १० गुणिले १० गुणिले १० म्हणजे १०००, पहिलं वर्गमूळ ३१.६, दुसरं ५.६२, गुणिले ७० म्हणजे ३९४. ही झाली नुसतं पडून राहायची गरज. नसबंदी झालेल्या, रोज फिरायला जाणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी ह्याला साधारण १.६ ने गुणतात, ६३० च्या आसपास येतं. त्याचे १० टक्के ६३. ग्लुकोज बिस्किट १०० ग्रॅमला ४५० कॅलरीच्या घरात असतं, एक बिस्किट ५ ग्रॅमचं धरलं तर २२-२३ कॅलरी. म्हणजे अडीच-तीन बिस्किटांत बंड्याचा दिवसाचा कोटा संपला, आणि बाबा सकाळी चार संध्याकाळी चार देत होते, वर कधी चहात बुडवून (चहात कॅफीन असतं, तेही कुत्र्यांना चालत नाही). आठ बिस्किटं म्हणजे १८० कॅलरी, त्याच्या दिवसाच्या खाण्याच्या पाव भागापेक्षा जास्त. आपल्या अंगाच्या मापात बसवलं तर रोजच्या दोन्ही जेवणांवर दोनेक वडापाव. आणि ४ किलोच्या पॉमला तर अख्ख्या दिवसात दीडच बिस्किट बसतं.

लॅब्राडोरवाल्यांनी जरा जास्तच लक्ष द्या. "आमचा सतत भुकेला असतो" हे खोटं नाहीये. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळपास एक चतुर्थांश लॅब्राडोरांमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही, आणि २०२४ मध्ये त्याच गटाने सांगितलं की अशा कुत्र्यांचं शरीर आराम करताना कॅलरीजही कमी जाळतं. दोन्हीकडून मार. त्यात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला तो जुना अभ्यास आहे, ४८ लॅब्राडोर, जन्मभर दोन गट, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांचं मधलं आयुष्य (म्हणजे निम्मी कुत्री त्याहून जास्त जगली) १३ वर्षं आलं, दुसऱ्यांचं ११.२. जवळजवळ दोन वर्षांचा फरक, आणि कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे किती हे ज्याने कुत्रा सांभाळलाय त्याला सांगायला नको.

मग काय घ्यायचं? कुत्र्यांची म्हणून जी बिस्किटं मिळतात तीही बहुतेक गव्हाचीच असतात, आणि हा प्रकारच मुळात तिथनं सुरू झाला. १८६० च्या सुमाराला जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन विजेपासून बचावाच्या सळया विकायला लंडनला गेला, तिथे म्हणे गोदीवरची कुत्री जहाजावरची टणक बिस्किटं खाताना त्याला दिसली आणि त्याने गहू, बीट आणि मांसाचा चुरा घालून कुत्र्यांचे केक काढले. तेव्हापासून पुढे चित्र मांसाचं आणि आत पीठ ही परंपरा चालूच आहे. पाकिटावरचे घटक सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पहिल्या तीनांत काय आहे ते बघा, साखर किंवा सिरप तिथे असेल तर ठेवून द्या. एका नगात कॅलरी किती हे लिहिलेलं असेल तर उत्तम, माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा आकडा. "दात साफ करतं" ह्याच्यावर फार जाऊ नका, कडक बिस्किट दाताच्या टोकावर फुटतं आणि घाण साठते हिरडीजवळ. उलट फार टणक गोष्टी, हाडं, शिंगं वगैरे, दाढच फोडतात. नखाने दाबून किंचितही खड्डा पडत नसेल तर नको.

माणसांच्या बिस्किटांत काही अजिबातच नाही चालत. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरात निम्मं व्हायलाच १७ तासांच्या वर लागतात, त्यामुळे ते साठत जातं, डार्क चॉकलेट आणि कोको पावडर सगळ्यात धोक्याची. मसाला खारी-टोस्टमध्ये कांदा-लसूण पावडर असू शकते, त्याने तांबड्या पेशी फुटतात. आणि मनुका. द्राक्षं-मनुकांनी काही कुत्र्यांच्या किडन्या बंद पडतात हे आधीपासनं माहीत होतं, कारण मात्र सापडत नव्हतं, २०२१ मध्ये अमेरिकेतल्या व्हेट लोकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, ते द्राक्षांतही असतं आणि चिंचेतही. धागा कुठे मिळाला तर टार्टारिक आम्लाचा क्षार घालून घरी मळलेला, मुलांच्या खेळण्याचा पिठाचा गोळा खाऊन कुत्रा आजारी पडला तिथे, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसंच दिसलं होतं. म्हणजे चिंचेची आमटी, चिंचेची चटणी हे सगळंच बाद, हे मला वाचल्यावर जरा हलायला झालं, कारण आमच्याकडे आमटीभात त्याला किती वेळा घातलाय.

पावसाळ्यात अजून एक. उघडा पुडा मऊ पडला की "टाकायचं कशाला, कुत्र्याला घाल" असं होतं. मऊ पडलेलं ठीक आहे, पण बुरशीचा वास आला तर नाही. धान्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष लिव्हर खातं आणि ते भाजून उकळूनही जात नाही. हवाबंद डबा घ्या, छोटा पुडा घ्या.

ट्रेनिंगसाठी तर बिस्किटाची गरजच कमी आहे. कुत्री जास्त आवडीच्या खाण्यासाठी जोरात पळाली पण त्याच खाण्याचे तुकडे वाढवले म्हणून वेग वाढला नाही, असं एका प्रयोगात दिसलंय. म्हणजे शेंगदाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा अंड्याचा तुकडा मोठ्या बिस्किटाला भारी पडतो. रोजच्यासाठी गाजर (१०० ग्रॅमला ४० च्या आसपास कॅलरी), काकडी (१५), वाफवलेली फरसबी, बी काढलेलं सफरचंद.

बंड्याने काकडी पहिल्या दिवशी तोंडातून काढून बाबांच्या चपलेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी खाल्ली. आता सकाळी एका ग्लुकोज बिस्किटाचे सहा तुकडे होतात आणि प्रत्येकाला तो तेवढाच उडतो. बाबा म्हणतात, "फसवतोय आपण त्याला." आणि शुगर-फ्रीचा डबा वरच्या फळीवर गेलाय, तिथे आता बाबांचा पण हात पोचत नाही.