डॅफ्नियाच्या पाठीवरचं खोगीर

माशांचं खाद्य म्हणून घरी डॅफ्निया (गोड्या पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव) वाढवणाऱ्यांमध्ये एक समज पक्का आहे: पाठीवर काळसर डाग दिसला की पाणी बिघडलं, नाहीतर डबकं आटणार. हे अर्धंच खरं आहे.

तो डाग म्हणजे टणक कवच, आत बहुधा दोन अंडी. शास्त्रीय नाव एफिपियम, ग्रीकमध्ये घोड्याचं खोगीर! आकारही अगदी तसाच. एरवी मादी नराशिवायच पिल्लं देत राहते. ही सुप्त अंडी मात्र सहसा नराशी मीलनानंतरच तयार होतात. थंडी, गर्दी, उपासमार ही कारणं खरीच. पण डॅफ्निया मॅग्ना या जातीवरच्या प्रयोगांत माशांचा वास आणि चिरडलेल्या डॅफ्नियांचा अर्क पाण्यात मिसळला, तेव्हाही माद्यांनी अशी अंडी धरली. म्हणजे मासा आसपास आहे आणि तो आपल्यालाच खातोय, एवढं तिला पाण्यातूनच कळतं. मासे फिरतात तोवर अंडी गाळात झोपून राहतात.

'शत्रू आला की पिल्लांची संख्या वाढवायची' हा दुसरा समजही तितकाच ढोबळ. मासा मोठं भक्ष्य टिपतो, त्यामुळे त्याच्या वासाने डॅफ्निया लहान वयात, लहान अंगानेच वयात येते आणि बारीक पण जास्त पिल्लं देते. काओबोरस माशीच्या अळीचं उलट आहे. तिचा जबडाच छोटा! तिच्या वासाने काही जातींच्या माद्या उशिरा वयात येतात आणि थोडी पण मोठी पिल्लं घालतात, तिच्या जबड्यात सहज न मावणारी.