खुलासा : इंग्लंडमधलं कॉलेज काउन्सिल चालवत नाही

इंग्लंडमधली फर्दर एज्युकेशन कॉलेजं, म्हणजे सोळा वर्षांपुढच्यांना प्लंबिंगपासून ए-लेव्हलपर्यंत (आपल्या बारावीसारखी परीक्षा) शिकवणारी, स्थानिक काउन्सिल (तिथली नगरपालिकेसारखी संस्था) चालवतं, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. एके काळी ते खरंही होतं. पण १९९२च्या कायद्यानं १ एप्रिल १९९३पासून ती काउन्सिलच्या हातून सुटली. आता प्रत्येक कॉलेजचं स्वतःचं ‘कॉर्पोरेशन’, म्हणजे नियामक मंडळ असतं. त्यात बाहेरच्या माणसांबरोबर कर्मचारी आणि विद्यार्थीही बसतात. बजेट मंजूर करणं, प्राचार्य नेमणं ही कामं त्याचीच. प्राचार्य मालक नव्हेत!

मात्र मंडळाला सगळंच मोकळं रान नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये कॉलेजं पुन्हा सार्वजनिक क्षेत्रात मोजली जाऊ लागली, तेव्हापासून कर्ज काढण्यावर सरकारी बंधनं आली. ती लंडनहून, काउन्सिलकडून नव्हे.