लाटण्याची पटाशी काठवटीला चालत नाही

लाकडी लेथसाठी हत्यारे घ्यायची म्हटले की दुकानदार सहा किंवा आठ पटाश्यांची पेटी पुढे करतो. पेटी देखणी असते, भावही बरा वाटतो. पण वर्षभरात त्यातली दोन-तीन हत्यारे झिजतात आणि बाकीची कोरीच राहतात. कोणते हत्यार लागणार हे दोन गोष्टींवर ठरते: लाकडाचे तंतू लेथवर कोणत्या दिशेने बसलेत आणि धार टूल रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीच्या) किती पुढे जाणार आहे.

लाटणे, रवी, पाळण्याचे दांडे, पंढरपुरात तुळशीच्या काड्यांतून कातले जाणारे माळेचे मणी या सगळ्यांत तंतू अक्षाला, म्हणजे लाकूड ज्या रेषेभोवती फिरते तिला, समांतर असतात. वाडगा किंवा काठवट फळीसारख्या ठोकळ्यातून काढतात, तेव्हा तंतू अक्षाला काटकोनात येतात. म्हणजे एका फेऱ्यात दोनदा तंतूंची बाजू आणि दोनदा त्यांची टोके धारेसमोर येतात. कडब्याची सैल पेंढी विळ्याने कापताना बाहेरच्या ताटांना मागून आधार नसला तर ती वाकून फाटतात, तसेच हे तंतू. कापल्या जाणाऱ्या तंतूच्या मागे दुसरा तंतू टेकलेला हवा. म्हणून लाटण्यावर हत्यार जाड भागाकडून बारीक भागाकडे चालवायचे, वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला तळाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून मध्याकडे. दिशा उलटी झाली की कितीही धारदार हत्यार असो, पृष्ठभाग उसवतो आणि पॉलिश पेपरने तो नीट होत नाही.

चौकोनी दांडा गोल करायला रफिंग गाउज (रुंद पन्हाळीची पटाशी) हवा, 20 ते 25 मिमी रुंदीचा, बेव्हल (धारेमागचा घासलेला उतार) 45 अंशांचा. हे हत्यार वाडग्याला कधीही लावू नये. रुंद पन्हाळीमुळे ते भक्कम दिसते, पण हँडलमध्ये शिरणारी त्याची शेपटी अरुंद असते. तंतूंच्या टोकांत धार अडकली की सगळा झटका त्या शेपटीवर येतो, ती वाकते किंवा मोडते आणि पाते अंगावर येते. बोल गाउज (वाडगा कोरायची पटाशी) मात्र अखंड गोल सळईतून घडवलेला असतो आणि सळई जवळपास त्याच जाडीने हँडलमध्ये जाते. घेताना एक घोळ लक्षात ठेवा: ब्रिटिश पद्धतीत माप पन्हाळीचे, अमेरिकन पद्धतीत सळईचे. ब्रिटिश 3/8 इंची आणि अमेरिकन 1/2 इंची बोल गाउज म्हणजे साधारण एकच हत्यार. त्यामुळे कॅलिपर लावून सळईच मोजावी. पहिला बोल गाउज 12 ते 13 मिमी सळईचा असावा.

जाडीला एवढे महत्त्व का, ते गणितात दिसते. टूल रेस्टच्या पुढे आलेल्या सळईचे वाकणे लांबीच्या घनाने वाढते आणि व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होते. रेस्टपासून धार 25 मिमीऐवजी 100 मिमी पुढे गेली, तर त्याच जोरात सळई 64 पट वाकते. उलट 10 मिमीऐवजी 12 मिमी सळई घेतली तर ताठपणा दुपटीहून थोडा जास्त होतो. हाताचा हिशेबही तसाच. रेस्टपासून हात 400 मिमीवर असेल आणि धार 25 मिमी पुढे असेल, तर लाकडाच्या 40 किलो जोरासाठी हाताला अडीच किलो लागतात. धार 100 मिमी पुढे गेली की दहा किलो. खोल वाडग्याच्या तळाशी ‘हत्यार थरथरतंय’ अशी तक्रार येते तिचे मूळ इथेच आहे. रेस्ट लाकडापासून 5 ते 10 मिमीवर ठेवावा, काम खोल जाईल तसतसा लेथ बंद करून पुढे सरकवावा, आणि प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी काम हाताने एक फेरा फिरवून पाहावे.

आता पोलाद. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लोखंडी लेथवर काम करणाऱ्यांना हायस्पीड स्टील नवे नाही. मऊ लोखंडावर ते मिनिटाला साधारण 30 मीटर वेगाने चालते. 250 मिमीचा वाडगा 600 आरपीएमवर फिरला तर त्याचा काठ मिनिटाला 471 मीटर धावतो, लोखंडाच्या पंधरापटीहून जास्त. शिवाय इथे कूलंट नाही आणि हत्यार शिकंज्यात नाही, हातात आहे. कार्बन स्टीलचा कडकपणा दोनशे अंश सेल्सिअसच्या वर उतरू लागतो. ग्राइंडरवर पातळ धार निळी पडली की तेवढा भाग मऊ झाला, तो घासून काढावाच लागतो. एम-2 जातीचे हायस्पीड स्टील साधारण 550 ते 600 अंशांपर्यंत टिकते, त्याला निळेपणाचे भय नाही. मात्र तापलेले हायस्पीड स्टील पाण्यात बुडवू नका, धारेला बारीक तडे जातात.

जुन्या कानशीपासून पटाशी घडवण्याची सवय अजून दिसते. ती सोडावी. कानस अतिशय कडक आणि ठिसूळ असते, शिवाय तिच्या दातांच्या खाचा म्हणजे तडे सुरू व्हायची तयार जागा. ट्रकच्या कमानपाट्याचे हत्यार तुटत नाही, पण सागवानावर त्याची धार लवकर जाते, कारण सागाच्या पेशींत सिलिका असते.

लाटण्यावर सर्वांत सुंदर काप स्क्यूचा, म्हणजे तिरप्या धारेच्या सपाट पटाशीचा. 20 ते 25 मिमी रुंद, दोन्ही बेव्हल मिळून सुमारे 40 अंश. आधी बेव्हलची टाच (धारेपासून लांबची कड) लाकडावर टेकवायची, मग मूठ हळूहळू उचलायची. धार लागली की मुरडलेली पातळ साल निघू लागते. काप धारेच्या मधल्या किंवा खालच्या भागातच ठेवायचा. वरचे लांब टोक लाकडाला लागले की ते खोल घुसते आणि दांड्यावर स्प्रिंगसारखी चरी उमटते. ही भीती खरी आहे, म्हणून स्क्यू तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला घेतला तरी चालेल. 3 मिमी पार्टिंग टूल (अरुंद खाच पाडून तुकडा वेगळा करायचे हत्यार) मात्र पहिल्या खरेदीतच घ्यावे. कार्बाइडच्या चकत्यांची हत्यारे सोपी असतात, धार लावायची कटकट नाही. पण बहुतेक आडवी धरून खरवडायची असतात, त्यामुळे मऊ लाकडाचे तंतू उचकटतात.

आणि ग्राइंडर. तो नसेल तर वरचे सगळे व्यर्थ. सोबत येणारा करडा दगड काढून 80 ग्रिटचा पांढरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा बसवा. बेव्हलला मार्कर पेनाने शाई फासा, दगडावर हलके टेकवा. शाई फक्त टाचेवर पुसली गेली तर कोन चुकलाय, टाचेपासून धारेपर्यंत सारखी पुसली गेली तर बरोबर.

पैसे वाचवायचे तर पाती हँडलशिवाय मागवावीत. हँडलला आपल्याकडची वाळलेली बाभूळ उत्तम, बोल गाउजला 400 ते 450 मिमी, दांड्याच्या कामाच्या हत्यारांना 300 मिमी पुरे. तोंडाला पितळी शेंबी (कडे) घट्ट बसवावी, नाहीतर पहिल्याच झटक्यात लाकूड चिरते. ओली बाभूळ कातत असाल तर काम संपताच हत्यारे पुसून तेलाचा हात फिरवा. तिच्यातले टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळा रंग तयार करते. तो पोलादावरही चढतो आणि बोटांवरही. बोटांचा लिंबाने जातो.