पत्ते राखणं आणि चिप्स राखणं: पोकर टूर्नामेंटमधल्या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या

लाइव्ह टूर्नामेंटला पहिल्यांदा बसणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे पत्त्यांवर काहीतरी ठेव. तो एखादं जड नाणं किंवा चिप (पैशांऐवजी लावायची चकती) पत्त्यांवर ठेवतो आणि आपली बाजू आता सुरक्षित झाली असं धरून चालतो. पत्ते सुरक्षित झालेले असतात, हे खरं. चिप्सना त्या नाण्याचा काहीच उपयोग नसतो. पत्ते कशानं जातात, चिप्स कशानं जातात आणि गेल्यावर दाद कुठवर मागता येते, या तिन्ही बाबतींत दोन्हींचे नियम वेगळे आहेत. हा फरक माहीत नसल्यामुळे चांगले खेळाडू न्याय्य हक्काचा पॉट (डावात मधे जमलेल्या चिप्स) गमावतात, आणि तेही टाळता येण्याजोग्या कारणानं.

मी इथे टीडीएचे, म्हणजे टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम धरून लिहितो आहे. मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्हिड लँब यांनी २००१ साली ही संघटना सुरू केली आणि आज जगभरातल्या बहुतेक टूर्नामेंट याच नियमांवर किंवा त्यांच्या जवळपासच्या नियमांवर चालतात. काही ठिकाणी स्थानिक फरक असतात, म्हणून बसण्याआधी तिथली नियमावली वाचावी. टीडीएच्या नियमांत खेळाडूच्या जबाबदाऱ्यांची एक लांब यादी आहे. आपला हात, म्हणजे आपल्याला वाटलेले पत्ते, राखणं, ते दिसतील असे ठेवणं, चिप्स नीट रचणं, आपला इरादा स्पष्ट करणं, चूक होताना दिसली तर बोलणं, हे सगळं त्या एकाच यादीत येतं. एकाच यादीत आल्यामुळेच बहुधा लोक ही एकच गोष्ट समजतात.

आधी पत्ते. हात मरतो, म्हणजे पत्ते बाद ठरतात, तो बहुतेक वेळा कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर गफलतीमुळे. डीलरच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, अगदी उजव्या-डाव्या हाताला बसलेल्यांचे पत्ते त्याच्या हाताच्या टप्प्यात असतात, आणि फोल्ड झालेले, म्हणजे डाव सोडणाऱ्यांनी टाकलेले, पत्ते गोळा करता करता तो तेही ओढून घेतो. शेजाऱ्यानं भिरकावलेले पत्ते तुमच्या पत्त्यांवर येऊन पडतात आणि कोणते कोणाचे ते सांगता येत नाही. ऑल-इन झाल्यावर, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्यावर, कोणीतरी उत्साहात उभं राहतं आणि पत्त्यांवरचा हात सुटतो.

अशा वेळी नियम कठोर आहे. डीलरनं चुकून हात मारला, किंवा हात दुसऱ्या पत्त्यांत मिसळून शंभर टक्के ओळखता येईनासा झाला, तर खेळाडूला दाद नाही. ज्या बेटला (लावलेल्या रकमेला) कोणी कॉल केलेला आहे, म्हणजे तेवढीच रक्कम लावली आहे, ते पैसे परत मिळत नाहीत. सवलत एकच: तुम्ही बेट किंवा रेझ (आधीची बेट वाढवणं) केली असेल आणि तिला अजून कोणी कॉल केला नसेल, तर कॉल न झालेली रक्कम परत मिळते. समजा, समोरच्याची ४,००० ची बेट होती, तुम्ही ती १२,००० वर नेली, आणि कोणी काही करायच्या आत डीलरनं तुमचे पत्ते ओढले. वरचे ८,००० तुमच्याकडे येतील, ४,००० पॉटमध्ये राहतील. समोरच्यानं १२,००० चा कॉल आधीच केला असेल, तर सगळेच गेले. चूक डीलरची होती हे सगळ्या टेबलानं मान्य केलं तरी निकाल बदलत नाही.

हा नियम क्रूर वाटतो, पण मला तो बरोबर वाटतो. मिसळलेल्या पत्त्यांतून ‘माझे एक्के होते’ असं म्हणणाऱ्याचं ऐकायचं ठरवलं, तर खोटं बोलणाऱ्यालाही तेवढीच संधी मिळते. पत्त्यांच्या बाबतीत नंतर मोजून खातरजमा करण्याचा मार्ग नसतो, म्हणून सगळा भार आधीच्या काळजीवर येतो. शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते दाखवताना, मात्र परिस्थिती पालटते. दोन्ही पत्ते टेबलावर नीट उघडे मांडले आणि तो हात उघड उघड जिंकणारा असेल, तर डीलर तो मारू शकत नाही. म्हणून जिंकलो असं वाटलं की पत्ते उघडे मांडावेत, आणि पॉट आपल्याकडे सरकेपर्यंत त्यांना कोणालाही हात लावू देऊ नये. एकच पत्ता दाखवून दुसरा हातात धरणं, किंवा समोरच्यानं तोंडानं ‘फ्लश आहे’ (एकाच चिन्हाचे पाच पत्ते आहेत) म्हटल्यावर आपले पत्ते पालथे ढकलून देणं, हे हक्क आपणहून सोडून देणं आहे. समोरच्याचा फ्लश खरंच आहे का, ते डोळ्यांनी पाहावं.

आता चिप्स. चिप्स राखणं म्हटलं की लोकांना चोरी आठवते. चोरी होते, पण टूर्नामेंटमध्ये चिप्स हातून जातात त्या मुख्यतः दोन कारणांनी: रकमेचा गैरसमज आणि न बोलता केलेली हालचाल. दोन्हींचा पत्त्यांवरच्या नाण्याशी काही संबंध नाही.

रकमेचं उदाहरण २०१९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमधलं आहे. दहा खेळाडू उरले असताना निक मार्चिंग्टन राण्यांच्या जोडीवर ऑल-इन गेला. दारिओ सामार्तिनोकडे दहाची जोडी होती. त्यानं रक्कम विचारली, डीलरनं १.७२ कोटी सांगितली आणि त्यावर त्यानं कॉल केला. पुन्हा मोजल्यावर ती २.२२ कोटी निघाली. म्हणजे ५० लाख चिप्सचा फरक. सामार्तिनोनं हरकत घेतली, प्रकरण टूर्नामेंट डायरेक्टर जॅक एफेलपर्यंत गेलं आणि निर्णय असा झाला की कॉल पूर्ण रकमेचाच धरायचा. सामार्तिनो तो डाव हरला. पुढे तो त्या स्पर्धेत दुसरा आला, ही गोष्ट वेगळी.

या निर्णयावर तेव्हा खूप वाद झाला. नियम असा आहे की समोरची खरी बेट किती आहे हे पाहणं कॉल करणाऱ्याचं काम आहे. डीलरनं किंवा खेळाडूनं आकडा चुकीचा सांगितला आणि त्यावर कॉल झाला, तरी कॉल करणाऱ्यानं खरी रक्कम मान्य केली असं धरतात. डायरेक्टरला न्याय म्हणून अपवाद करता येतो, पण त्या अपवादाची आशा धरून कॉल करण्यात अर्थ नाही. पत्ते राखायचे म्हणजे आपल्या समोरच्या दोन पत्त्यांवर नजर ठेवायची. चिप्स राखायच्या म्हणजे दुसऱ्याच्या स्टॅकवरही (समोरच्या चिप्सच्या ढिगांवरही) नजर ठेवायची. डीलरला चिप्स मोजायला सांगा, तो मोजत असताना ढिगांकडे बघा, आणि मगच बोला.

हे जमण्यासाठी सगळ्यांच्या चिप्स मोजता येतील अशा रचलेल्या असाव्या लागतात. टीडीए ठराविक संख्येच्या पटीत नीट ढीग रचण्याची शिफारस करते आणि मोठ्या किमतीच्या चिप्स कायम दिसतील अशा ठेवणं बंधनकारक आहे. ही केवळ टापटीप नव्हे. कोणी ऑल-इन जातो, कॉल होतो आणि नंतर त्याच्या हाताखाली किंवा मागे एक मोठी चिप सापडते. ती बेटचा भाग होती असं समोरच्याला धरता आलं असतं का, हे डायरेक्टर ठरवतो. नाही असं ठरलं, तर जिंकल्यावर त्या चिपचा मोबदला मिळत नाही, आणि हरल्यावर ती चिप वाचवतही नाही. ती जिंकणाऱ्याला दिली जाऊ शकते. लपलेली चिप ही लपवणाऱ्याच्याच तोट्याची ठरते. टेबल बदलताना चिप्स खिशात टाकल्या किंवा नजरेआड नेल्या, तर त्या जप्त होऊन खेळातून बाद होतात आणि खेळाडूला स्पर्धेबाहेरही काढलं जाऊ शकतं. असा कडकपणा कशासाठी, ते २०१४ साली अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कसिनोमध्ये दिसलं. ख्रिश्चन लुसार्डी या खेळाडूनं तिथल्या एका टूर्नामेंटमध्ये बनावट चिप्स आणल्या, स्पर्धा अर्ध्यात रद्द करावी लागली आणि त्याला तुरुंगवास झाला.

न बोलता केलेल्या हालचालीचा मुद्दा थोडक्यात. काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली, तर समोर बेट असताना तो कॉल धरतात, तुमच्या मनात रेझ असली तरी. दोन हप्त्यांत चिप्स पुढे सरकवल्या, तर दुसरा हप्ता मानला जात नाही. उपाय एकच आहे: हात हलण्याआधी तोंडानं ‘रेझ’ म्हणावं, शक्य तर आकड्यासह. पत्त्यांच्या बाबतीत गप्प राहून चालतं, चिप्सच्या बाबतीत नाही.

वाद उद्भवला की दोन्हींतला फरक सगळ्यात जास्त जाणवतो, कारण इथे दोन वेगळ्या मुदती आहेत. उघड्या मांडलेल्या हाताचं वाचन चुकलं, उदाहरणार्थ डीलरला तुमचा फ्लश दिसला नाही, तर हरकत पुढचा डाव सुरू होईपर्यंतच घेता येते. आणि डाव सुरू होतो तो डीलरनं गड्डी पिसायला घेतली त्या क्षणी, किंवा यंत्र असेल तर त्याचं बटण दाबल्यावर. पत्ते वाटले गेल्यावर नव्हे. ही मुदत काही सेकंदांचीच असते.

पॉटच्या हिशेबातली चूक मात्र जरा उशिरापर्यंत दाखवता येते. समजा, अ कडे १२,००० आणि ब व क कडे प्रत्येकी ३०,००० आहेत आणि तिघेही ऑल-इन. ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीला सक्तीनं टाकायच्या चिप्स) बाजूला ठेवले, तर तिघांचा मुख्य पॉट ३६,००० चा आणि उरलेल्या रकमेचा, फक्त ब व क यांच्यातला साइड पॉटही ३६,००० चा. अ जिंकतो आणि डीलर घाईत सगळे ७२,००० त्याच्याकडे सरकवतो. ही वाचनाची नव्हे, हिशेबाची चूक आहे. पुढच्या डावात पुरेशी चाल होईपर्यंत ती दुरुस्त होऊ शकते. पुरेशी चाल म्हणजे पाळीनं झालेल्या दोन कृती, ज्यांतल्या निदान एकीत चिप्स पॉटमध्ये गेल्या आहेत, किंवा कोणत्याही तीन कृती. ब्लाइंड टाकणं यात धरत नाहीत. डाव संपताच ब्रेक असेल, तर पॉट दिल्यापासून एका मिनिटात बोलावं लागतं. म्हणजे ‘गड्डी पिसायला घेतली, आता काय उपयोग’ असं म्हणून साइड पॉट सोडून देणारा चुकतो, आणि ‘पत्ते वाटेपर्यंत वेळ आहे’ असं समजून फ्लशबद्दल थांबून राहणारा त्याहून मोठी चूक करतो.

वाद कोणताही असो, पहिलं काम एकच: सगळं जागच्या जागी थांबवायचं. ‘थांबा, फ्लोअरला बोलवा’ एवढं मोठ्यानं म्हणा; फ्लोअर म्हणजे वादावर निर्णय देणारा अधिकारी. मधले पत्ते उचलू देऊ नका, वादातल्या चिप्स कोणाच्याही स्टॅकमध्ये मिसळू देऊ नका. एकदा त्या मिसळल्या की फ्लोअरकडे फक्त लोकांच्या आठवणी उरतात. डीलरशी हुज्जत घालून काही मिळत नाही, कारण निर्णय त्याच्या हातात नसतो. उलट फ्लोअर आल्यावर पहिलं निवेदन बहुधा त्याचंच घेतलं जातं. तुमची पाळी आली की कोणी, किती, कोणत्या क्रमानं, एवढंच सांगा. समोरचा लबाड आहे हे सिद्ध करण्याचा प्रयत्न करू नका. फ्लोअरला त्याच्या स्वभावाशी नव्हे, क्रमाशी काम असतं. नियम चुकीचा लावला जातोय असं वाटलं, तर टूर्नामेंट डायरेक्टरला बोलवायची विनंती शांतपणे करता येते. त्यानंतरचा निर्णय अंतिम. त्यावरही आवाज चढवला तर ताकीद किंवा काही डाव बाहेर बसण्याची शिक्षा होते, आणि तेवढ्या वेळात ब्लाइंड तुमच्याच स्टॅकमधून जात राहतात.

तुम्ही डावात नसलात तरी पॉट चुकीच्या माणसाकडे जाताना दिसला तर बोललं पाहिजे. दुसऱ्याचा हात त्याला खेळायला शिकवणं निषिद्ध आहे, पण मांडलेल्या पत्त्यांचं वाचन किंवा हिशेब चुकतोय हे सांगणं निषिद्ध नाही, ती जबाबदारीच आहे. गप्प बसणाऱ्यांची संख्या मला नेहमी खटकते.

अनेक दिवस चालणाऱ्या स्पर्धेत चिप्सची आणखी एक राखण दिवस संपताना करायची असते. पिशवीत भरण्याआधी स्वतः मोजा, लिहिलेला आकडा कर्मचाऱ्यासमोर पडताळा, पिशवी सील होताना बघा आणि पावतीची आपली प्रत जपून ठेवा. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली की पहिले पत्ते वाटले जाण्याआधी डीलरच्या देखत पुन्हा मोजा. आकडा जुळला नाही, तर तेव्हाच फ्लोअरला बोलवा.