ओल्या बोटाला फोन दाद का देत नाही?

पावसाळ्यात फोनचा टच अडायला लागला की एक स्पष्टीकरण हमखास ऐकू येतं: बोट गार पडलंय, फोनला ऊब लागते. हल्ली काही व्हिडिओंमध्ये त्याला 'शरीरातल्या प्राणऊर्जे'ची जोड दिलेलीही दिसते. दोन्ही चूक आहे आणि ते घरी तपासता येतं. फ्रीजमधली गार काकडी हातात धरा आणि तिचं कापलेलं टोक पडद्याला टेकवा. टच लागतो. प्लास्टिकचं पेन उन्हात तापवून टेकवलं तरी काही होत नाही. दक्षिण कोरियात 2010 च्या थंडीत लोक हातमोजे न काढता सॉसेजनं फोन वापरत असल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या होत्या. काकडीत आणि सॉसेजमध्ये ऊब नाही, प्राण नाही. आहे ते क्षार विरघळलेलं पाणी, आणि त्यातून वीज वाहते. तेव्हा 'ऊर्जा संतुलित करणारं' स्टिकर कुणी फोनसाठी विकत असेल तर त्यात पैसे घालू नयेत.

मग फोनला कळतं काय? पंखा मंद फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन त्याचा कंडेन्सर बदलतो. शाळेत आपण त्यालाच कपॅसिटर म्हणून शिकलो: दोन वाहक, मध्ये वीज न वाहणारा थर, आणि वाहकांवर साठणारा विद्युतभार. फोनच्या काचेखाली असेच शेकडो कपॅसिटर असतात. पारदर्शक वाहकाच्या, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडच्या, उभ्या आणि आडव्या रेषांची जाळी तिथे घातलेली असते. जिथे दोन रेषा एकमेकींना ओलांडतात तिथे एक कपॅसिटर तयार होतो. भार साठवायची क्षमता फॅरडमध्ये मोजतात. पंख्यातला कंडेन्सर साधारण 2.5 मायक्रोफॅरडचा असतो; इथला एकेक साधारण 1 पिकोफॅरडचा, म्हणजे त्याच्या पंचवीस लाखाव्या भागाएवढा. एवढ्याशा गोष्टीत झालेला फरक खिशातलं यंत्र सेकंदाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा मोजतं, हे मला फोनच्या कॅमेऱ्यापेक्षाही थक्क करणारं वाटतं.

मोजणी अशी चालते. एका आडव्या रेषेत विजेचे झटपट बदलणारे स्पंद सोडायचे आणि प्रत्येक उभ्या रेषेत त्यांतला किती भाग पोचला ते पाहायचं. मग पुढची आडवी रेषा. स्पंद एका रेषेतून दुसरीत जातो तो तारेनं जोडल्यामुळे नाही, तर दोघींमधल्या विद्युतक्षेत्रामुळे. या क्षेत्राच्या काही बलरेषा काचेतून वर, पडद्याबाहेर डोकावतात. बोट आलं की त्यांतल्या काही बोटावर संपतात. पाट मध्येच फोडला की टोकाच्या शेताला पाणी कमी पोचतं, तसा उभ्या रेषेत पोचणारा भार कमी होतो. ही घट होते, कारण बोटामागे अख्खं शरीर आहे. शरीर आणि जमीन मिळूनही एक कपॅसिटर होतो, सुमारे 100 पिकोफॅरडचा. जाळीतल्या 1 पिकोफॅरडपुढे तो इतका मोठा आहे की पायात चप्पल असली तरी बोट जवळपास जमिनीला जोडल्यासारखंच वागतं.

आता पाण्याचा थेंब. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे दोन वाहकांमध्ये तो पदार्थ असला तर कपॅसिटरची क्षमता किती पट होते तो आकडा, सुमारे 80 आहे, काचेचा पाच ते दहाच्या दरम्यान. पण थेंबामागे शरीर नाही, तो सुटा आहे. तो बलरेषा पळवून नेत नाही, उलट आडव्या रेषेतल्या स्पंदाला उभ्या रेषेपर्यंत जायला आणखी एक सोपी वाट देतो. म्हणजे बोटानं आकडा घटतो, सुट्या थेंबानं वाढतो. इथवर फोन गोंधळत नाही, कारण चिन्हच उलटं आहे. गोंधळ होतो तो ओल्या पडद्यावर बोट ठेवल्यावर. त्या क्षणी पाण्याचा ओघळ शरीराचा भाग बनतो आणि फोनला एका बोटाऐवजी वेडावाकडा मोठा डाग दिसतो. मासळीबाजारात तर हातावरचं पाणी खारं, वीज आणखी चांगली वाहून नेणारं. तिथे यूपीआयचा पिन दोनदा चुकला तर दोष कोळीणबाईंच्या बोटांचा नाही.

यावर चांगल्या फोनांत एक तोड असते. काही क्षण प्रत्येक रेषा स्वतंत्रपणे, जमिनीच्या संदर्भात मोजायची. या पद्धतीत सुटा थेंब जवळजवळ दिसतच नाही, जमिनीशी नातं असलेलं बोट दिसतं. दोन्ही मोजण्या ताडून चिप ठरवते कुठे बोट आणि कुठे पाणी. तरी सगळ्यात खात्रीचा इलाज कोरडा रुमालच.

हे तंत्र नवं नाही. ब्रिटनच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधले ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्येच बोटानं चालणाऱ्या अशा पडद्याबद्दल लिहिलं होतं, तेही हवाई वाहतूक नियंत्रणासाठी. आयफोन 2007 मध्ये आला, त्याआधीचे अनेक टचफोन मात्र दाबावर चालत. त्यांना नखही चालायचं, पेनाचं टोकही.

जमिनीशी असलेलं हे नातं समजलं की आणखी एक अनुभव उलगडतो. फोन चार्जिंगला असताना टच आपोआप उड्या मारतो, न दाबलेली अक्षरं उमटतात, आणि पुष्कळ जण फोनला व्हायरस लागला असं धरून चालतात. बऱ्याचदा कारण चार्जर असतो. त्याच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. हा विजेचा गोंगाट अडवणारी त्याची गाळणी (फिल्टर) निकृष्ट असेल तर फोनचं अख्खं सर्किट जमिनीच्या तुलनेत त्याच वेगानं वर-खाली होतं. फोनला ते जाणवत नाही, जोवर कुणी स्पर्श करत नाही. बोट टेकलं की जमीन मध्ये येते आणि सगळा गोंगाट बोटाखालच्या रेषांमध्ये शिरतो; म्हणून खोटे स्पर्श बहुतेक वेळा बोटाच्याच ओळीत वर किंवा खाली उमटतात. केबल काढून पाहा. टच लगेच ताळ्यावर आला तर फोन दुरुस्तीला देण्याआधी चार्जर बदला, आणि नवा घेताना त्याच्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.