वाचकाचे पत्र आणि युद्धकाळाचे घड्याळ

दुसऱ्या महायुद्धात घडणाऱ्या रहस्यकादंबरीला येणाऱ्या वाचकपत्रांत ‘आवडली’ आणि ‘खुनी आधीच ओळखला’ यांच्या जोडीला तिसरा एक प्रकार हमखास असतो : ‘त्या तारखेला हे घडणे शक्यच नव्हते.’ लेखकांना हीच पत्रे सर्वांत जास्त टोचतात, आणि सर्वांत जास्त उपयोगीही हीच पडतात. या सवयीची मुळे युद्धाच्या बऱ्याच आधीची आहेत.

आर्थर कॉनन डॉइल यांनी ‘स्ट्रँड’ मासिकाच्या डिसेंबर १८९३ च्या अंकात शेरलॉक होम्सला धबधब्यात संपवले, तेव्हा संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. (लंडनच्या तरुणांनी हॅटला काळ्या फिती बांधल्या, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, त्या काळातला पुरावा तिला नाही.) १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला. पण ही पत्रे प्रेमाची आणि रागाची होती, तपासणीची नव्हती.

तपासणी सुरू झाली १९११ मध्ये. ऑक्सफर्डमध्ये ब्रिटिश लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी होम्सकथांवर एक निबंध वाचला. धर्मग्रंथांची चिकित्सा करताना विद्वान ज्या काटेकोरपणाने पाठ तपासतात, तोच काटेकोरपणा त्यांनी या कथांना लावला. होम्सचा सोबती वॉटसन याच्या जखमेचेच पाहा : १८८७ च्या पहिल्या कादंबरीत गोळी खांद्याला लागते, १८९० च्या दुसरीत ती पायात असते. पुढे १९२९ मध्ये याच नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यावा, अज्ञात विष वापरू नये, हाती लागलेला प्रत्येक दुवा वाचकालाही दाखवावा. त्याच वर्षी एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या दोघांनी कादंबरी शेवटाजवळ थांबवून वाचकाला आव्हान दिले : सगळे दुवे आता तुमच्याकडे आहेत, उत्तर काढा.

लेखक-वाचकांत एकदा असा करार झाला की कॅलेंडर आणि घड्याळ हेही पुरावेच ठरतात. कौटुंबिक कादंबरीत चुकलेली तारीख म्हणजे एक डाग. रहस्यकथेत तो खोटा दुवा होतो आणि वाचकाला चुकीच्या माणसाकडे नेतो. म्हणून युद्धकाळ आणि रहस्य एकत्र आले की पत्रे दुप्पट कडक येतात.

घड्याळाची चूक सर्वांत घातक. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९४० मध्ये घड्याळे एक तास पुढे केली गेली, ती त्या शरद ऋतूत मागे घेतलीच नाहीत. मे १९४१ मध्ये आणखी एक तास वाढला. त्यामुळे १९४१ च्या जूनअखेरीस लंडनमध्ये सूर्य मावळत होता रात्री सुमारे १० वाजून २० मिनिटांनी. कादंबरीतला साक्षीदार ‘नऊ वाजता काळोखात चेहरा दिसला नाही’ म्हणत असेल, तर त्याची साक्ष आणि तिच्यावर उभी असलेली उकल दोन्ही कोसळतात. हिवाळ्यात डिसेंबरचा सूर्य चारच्या सुमारास नव्हे, पाचच्या सुमारास मावळे आणि सकाळी नऊपर्यंत उगवत नसे. लेखक सूर्यास्ताची वेळ आजच्या पंचांगातून उचलतो, तिथेच घोटाळा होतो. १९४१ च्या उन्हाळ्यात काय किंवा त्या आधीच्या हिवाळ्यात काय, ती वेळ बरोबर एका तासाने कमी पडते.

रेशनचे तसेच. ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखर, जुलै १९४० मध्ये चहा, १ जून १९४१ ला कपडे, जुलै १९४२ मध्ये चॉकलेट-गोळ्या, असा तो क्रम. पाव मात्र युद्धभर रेशनवर नव्हताच. तो आला जुलै १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर. १९४३ च्या प्रसंगात पावाचे कूपन दिसले की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

वाचकाचे ऐकले पण अर्धेच ऐकले, तर काय होते याचे उत्तम उदाहरण इयन फ्लेमिंग यांचे आहे. १९५६ मध्ये जेफ्री बूथरॉइड या शस्त्रांच्या जाणकाराने त्यांना कळवले की बाँडचे लहान बेरेटा पिस्तूल त्या कामाला दुबळे आहे. फ्लेमिंग यांनी सल्ला मनापासून घेतला, १९५८ च्या कादंबरीत वाल्थर पीपीके हे पिस्तूल आणले, शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याला बूथरॉइड हेच नाव दिले. पण पत्रात सुचवलेले बर्न्स-मार्टिन म्यान रिव्हॉल्व्हरसाठी होते. पिस्तूल बदलले, म्यान मात्र रिव्हॉल्व्हरचे ठेवले, आणि नवी चूक छापली गेली.

१९७४ हे वर्ष या सगळ्याला कलाटणी देणारे आहे. त्या वर्षी ब्लेचली पार्क या युद्धकाळातल्या ब्रिटिश केंद्रातल्या संकेतभेदाचे, म्हणजे शत्रूचे गुप्त संदेश फोडण्याचे, गुपित पुस्तकरूपाने फुटले. तोवर तिथे काम केलेल्यांनी तीस वर्षे तोंड बंद ठेवले होते. आता ते बोलू लागले, आणि त्यांच्यासमोर ढोबळ तपशील टिकेना. तिथले संकेत फोडणारे कोलोसस यंत्र एनिग्मा या जर्मन संकेतयंत्रासाठी नव्हते, लोरेन्झ या दुसऱ्या जर्मन संकेतासाठी होते. १ फेब्रुवारी १९४२ ला अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांच्या एनिग्मात चौथे चक्र आले, आणि डिसेंबरपर्यंत ते संदेश जवळपास वाचताच आले नाहीत. त्या उन्हाळ्यात नायिका पाणबुडीचा ठावठिकाणा संदेशातून काढत असेल, तर ते चुकले.

मात्र त्याच पुस्तकामुळे एक चुकीची समजूतही पसरली : गुपित राखण्यासाठी चर्चिल यांनी १४ नोव्हेंबर १९४० ला जर्मन बॉम्बहल्ल्यात कोव्हेंट्री हे इंग्लंडमधले शहर जाणूनबुजून जळू दिले. संदेशांवरून मोठा हल्ला होणार हे कळले होते, पण लक्ष्य कोणते ते त्यांतून स्पष्ट झाले नव्हते. चर्चिल त्या संध्याकाळी लंडनवर हल्ला होईल असे समजून लंडनला परतले. ही दंतकथा न वापरणाऱ्या कादंबरीकारांना तिच्याच आधारे ‘दुरुस्ती’ सुचवणारे वाचक भेटतात. अशा वेळी पत्र आदराने वाचावे, मजकूर मात्र बदलू नये.