नाव घातलेली भांडी

दिवाळीआधी माळा आवरायला काढला की पितळी तपेलं खाली येतं. कुणीतरी म्हणतं, "द्या मोडीत." मग ते उलटंसुलटं केलं जातं आणि काठाखाली बारीक ठिपक्यांची अक्षरं दिसतात: 'चि. सौ. कां. कुसुम हिस मामाकडून सप्रेम भेट', शेजारी तारीख, २१-५-५४. तपेलं पुन्हा माळ्यावर.

नाव घालायची चाल अगदी व्यवहारी गरजेतून रुजली. लग्नामुंजीला भांडी गल्लीभरातून गोळा व्हायची. पंगती उठल्यावर घासलेल्या ढिगातून आपला गंज ओळखायचा कसा? दुकानातच हातोडी-छिन्नीनं ठिपके ठोकून नाव घालून मिळे. पुढे विजेवरचं यंत्र आलं आणि अक्षरं सलग झाली. ठिपक्यांची जास्त देखणी होती, असं माझं मत.

पण नुसती ओळख पटवायची तर आडनाव पुरलं असतं. देणाऱ्याचं नातं आणि तारीख कशाला? बाईच्या मालकीचा प्रश्न इथे येतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या विज्ञानेश्वरानं 'मिताक्षरा' या धर्मशास्त्रावरच्या टीकाग्रंथात स्त्रीधनाची व्याख्या बरीच ऐसपैस केली होती. तरी वारशानं आलेल्या मालमत्तेवर हिंदू बाईचा हक्क पुढे बहुधा हयातीपुरताच धरला गेला. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं तिला पूर्ण मालकी दिली. कुसुमचं तपेलं त्याच्या दोन वर्षं आधीचं. सासरी भावाभावांत वाटणी झालीच, तर 'हे माझ्या माहेरचं' म्हणायला पुरावा भांड्यावरच कोरलेला. गंमत म्हणजे हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली जे नियम आले, त्यांतही लग्नातल्या भेटींची लेखी यादी ठेवायला सांगितलं आहे: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं. किंमत आणि मामाचं नाव सोडलं तर बाकी सगळं तपेल्यावर होतंच.

तरी पुष्कळ भांडी मोडीत गेली. साठ-सत्तरच्या दशकांत स्टील घराघरांत शिरलं. त्याला कल्हई नको, चिंच लावून घासणं नको. घरांनी टाकलेल्या अशा वस्तूंचं मोल पुण्यातल्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) फार आधी ओळखलं होतं. घरचा धंदा चष्म्यांचा, पण १९२०च्या सुमारापासून ते अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या जमवत राहिले. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांचं संग्रहालय उभं आहे. एकट्या अडकित्त्यांसमोर अर्धा तास सहज जातो.

कपड्यांवर मात्र कुणी नाव घातलं नाही. जुन्या साड्या बोहारणीकडे जात आणि घासाघीस होऊन बदल्यात स्टीलचा डबा येई. त्या डब्यावरही नाव नसे. माळा आवरताना सगळ्यात आधी तोच कामवाल्या मावशींना दिला जातो.